पाचवीची स्कॉलरशिप रेझ्युमेवर ठेवू का?

प्रश्न: मॅडम, मी सिडकोत राहते, यंदा ईअँडटीसीतून (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) बीई झाले, आता सातपूर-अंबडच्या कंपन्यांत अप्लाय करतेय. पप्पांनी शाळेपासूनची सगळी सर्टिफिकेटं फाईलला लावून ठेवलीत, पाचवीची स्कॉलरशिप, होमी भाभा विज्ञान परीक्षा, इंटरमिजिएट ड्रॉइंगची ए ग्रेड, दहावीला शाळेत दुसरी, मग कॉलेजातलं एनपीटीईएल (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स), ऑनर्स, आविष्कार (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा). सगळं टाकलं तर रेझ्युमे तीन पानी होतो आणि काही काढलं की पप्पांना वाईट वाटतं. काय ठेवू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अगं, आधी पप्पांना सांग की रेझ्युमेवरून काढलं म्हणजे फाईलमधून काढलं असं नाही. फाईल तशीच राहू दे.

शाळेतलं सगळं काढ. दहावीचे टक्के शिक्षणाच्या रकान्यात येतातच, ‘शाळेत दुसरी’ वेगळं लिहायला नको, शाळा किती मोठी हे वाचणाऱ्याला कुठे माहितीये. स्कॉलरशिपचं मलाही वाईट वाटतं, त्या वयात पहाटे उठून बुद्धिमत्ता चाचणी सोडवलेली असते, पण तुला घेणारा माणूस तू आत्ता काय करू शकतेस हे बघतो.

ऑनर्स बक्षिसांत टाकू नकोस हं, ही चूक खूपजण करतात. ते जास्तीचे क्रेडिट घेऊन केलेलं शिक्षण आहे, पदवीच्याच ओळीत विषयासकट लिही. एनपीटीईएलचं नुसतं ‘सर्टिफिकेट’ लिहून भागत नाही, 40 ला पण सर्टिफिकेट मिळतं आणि 90 ला एलिट-गोल्ड मिळतं, म्हणून कोर्सचं नाव, मार्क आणि वर्ष तिन्ही लिही. टॉपर्समध्ये असशील तर तेही. मार्क पन्नासच्या आसपास असतील आणि कोर्सचा त्या कामाशी संबंध नसेल तर सोडून दे.

आणि आविष्कार सगळ्यात वर घे. मी मुलाखती घेते, एका मुलाने शेवटच्या ओळीत ‘आविष्कार – सहभाग’ एवढंच लिहिलं होतं, सहज विचारलं तर कळलं की त्याने पिंपळगावला मामाच्या द्राक्षबागेत जमिनीतला ओलावा मोजायचा सेन्सर बसवला होता, पावसात बॉक्समध्ये पाणी शिरून सर्किट दोनदा गेलं, मग त्याने बॉक्सचं झाकण बदललं आणि वायर खालून आत घेतली. हे सगळं सांगताना त्याचे हात टेबलावर तो बॉक्स असल्यासारखे चालत होते. एवढं काम केलेला मुलगा आणि रेझ्युमेवर एक शब्द, मला खरंच हळहळ वाटली! तू तसं करू नकोस. कुठल्या फेरीपर्यंत गेलीस, प्रोजेक्ट कशाचा होता, त्यात तुझा हात कशाला लागला हे दोन ओळींत लिही. ग्रुपचं काम असेल तर ग्रुपचं म्हण, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

इंटरमिजिएटची ए ग्रेड एखाद्या डिझाइनच्या जागेला अप्लाय करशील तेव्हा छंदात टाक, एरवी नको. एवढं केलंस की एका पानात बसेल.