सुई लावली की पसरतं का?

“सुई लावली की कॅन्सर पसरतोय म्हणत्यात. खरं का ओ, ताई?” खुर्चीत नीट बसायच्या आधीच तात्यांनी विचारलं.

तात्या साताऱ्याकडचे. वय ६७. एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी झाली. आता दोन म्हशी आहेत आणि रोज पहाटे सायकलला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालणं आहे. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) रात्रीतून चार-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून दाखवायला आले, तेव्हा रक्तात पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं एक प्रथिन) वाढलेला, ७.८ निघाला. एमआरआयमध्ये प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या, एका कडेला संशयाची जागा दिसली. डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, सांगितली आणि तात्या गावी जाऊन तीन आठवडे गप्प बसले. शेवटी मुलगा हाताला धरून घेऊन आला. काकूही सोबत होत्या.

मी एका रुग्णालयाच्या युरॉलॉजी म्हणजे मूत्रविकारांच्या विभागात समुपदेशन करते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतोच. ‘तसं काही नसतं हो’ म्हणून तो उडवून लावणं मला पटत नाही, कारण विचारणाऱ्याने काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तात्यांनीही पाहिलं होतं. त्यांच्या चुलतभावाच्या मानेवर गाठ आली, वर्षभर लेप लावून झाले, मग बायोप्सी झाली आणि चार महिन्यांत भाऊ गेला. घरादाराच्या लक्षात राहिली ती सुई आणि तिच्यामागून आलेलं मरण. आधीचं वर्ष कुणी मोजलंच नाही.

ते वर्ष मी तात्यांना मोजायला लावलं. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तो सण कोणता, आवाज कधी बसला, डॉक्टरकडे कधी नेलं. बोटांवर महिने मोजता मोजता ते थांबले. “म्हंजी सुई लावली तवा उशीर झालेलाच हुता.”

मग मी पुढचं सांगितलं. प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत. तेवढ्यासाठी तपासणी टाळली, तर खरोखर आजार असेल तो आत वाढतच राहतो. आणि डॉक्टर कुठेही सुई घालत नाहीत. अंडकोषात कॅन्सरची गाठ वाटली तर तिथे सहसा सुई लावतच नाहीत, शस्त्रक्रिया करून अंडकोषच काढतात आणि तपासतात. कुठल्या अवयवाला सुई चालते, कुठल्याला नाही, याचा विचार आधीच झालेला असतो. माझ्या सगळ्या बोलण्यात तात्यांना हे सगळ्यात जास्त पटलं.

पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. वयाने प्रोस्टेट मोठी झाली किंवा लघवीत जंतुसंसर्ग असला तरी तो वाढतो. चार ते दहाच्या दरम्यान पीएसए असलेल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला कॅन्सर सापडतो. तो एक कोण, हे मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

एवढं झाल्यावर काकूंना हायसं वाटलं, तात्यांना नाही. ते माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत होते. खूप हळू म्हणाले, “आन् ते... मागनं करत्यात न्हवं?”

पुरुषांची ही भीती सुईपेक्षा मोठी असते. ती बोलली जात नाही म्हणून तारखा चुकवल्या जातात. म्हणून मी ती खोलीच त्यांना सांगते, जशी आहे तशी. अंगावरचे सगळे कपडे काढावे लागत नाहीत. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, वरून चादर असते. शौचाच्या जागेतून जेली लावलेला, अंगठ्याहून थोडा जाड सोनोग्राफीचा प्रोब आत सरकवतात. तेव्हा संडासला लागल्यासारखं वाटतं. ते वाटणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि काही होतही नाही. मग प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन देतात. ते जरा झोंबतं. त्यानंतर बारीक सुईने तुकडे घेतात, साधारण बारा, आणि एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेतून एक-दोन जास्तीचे. एकेक तुकडा शेवईच्या काडीसारखा असतो, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर.

आवाजाचं मी आवर्जून सांगते. सुई स्प्रिंगवर चालते आणि प्रत्येक तुकड्याला ‘खट्’ होतं, स्टेपलर मारल्यासारखं. माहीत नसलेला माणूस पहिल्याच आवाजाला दचकतो, अंग आवळतो आणि मग पुढचे अकरा त्याला जड जातात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. काही ठिकाणी हीच तपासणी अंडकोष आणि शौचाची जागा यांच्या मधल्या त्वचेतून करतात. त्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. आपल्याला कोणती करणार आहेत, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं.

“आत बाया असत्यात का?”

मी तिथेच फोन लावला आणि मदतीला पुरुष कर्मचारी मिळेल का, ते विचारलं. मिळणार होता. एका फोनचं काम असतं हे, पण मागावं लागतं. तात्यांनी टेबलाची कड सोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

औषधांची यादी काढली तेव्हा मला धक्का बसला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. ‘बायोप्सीत रक्त वाहील’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून रक्त पातळ करायची गोळी त्यांनी आपणच चार दिवसांपासून सोडून दिली होती! स्टेंट असलेल्या माणसाने असं करणं बायोप्सीपेक्षा कितीतरी धोक्याचं. काही गोळ्या थोडे दिवस थांबवतात, काही चालूच ठेवतात. ते युरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवतात, शेजारी नाही. त्याच दुपारी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि गोळी परत सुरू झाली. लघवीची तपासणी करून जंतू नाहीत हे पाहिलं, अँटिबायोटिकच्या गोळ्यांच्या वेळा मुलाने लिहून घेतल्या.

मुलाला मी एक प्रश्न विचारला. “रात्री दोन वाजता तात्यांना थंडी वाजून ताप भरला तर गाडी कुणाची?” तो गोंधळला. गाव मोठ्या दवाखान्यापासून दीड तासावर. शौचाच्या जागेतून बायोप्सी झालेल्या शंभरातल्या एखाद-दोघांना रक्तात जंतुसंसर्ग होतो, आणि तो झाला तर सकाळची वाट पाहून चालत नाही. क्रोसिन देऊन झोपवणं ही सगळ्यात मोठी चूक. थंडी-ताप आला, लघवी पूर्ण अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या, तर त्याच घटकेला निघायचं. शेवटी बायोप्सीनंतरचे तीन दिवस साताऱ्यातच मेहुण्याकडे राहायचं ठरलं. सल्ल्यापेक्षा अशी ठरलेली खोली जास्त कामाची असते.

बायोप्सी सुरळीत पार पडली. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, “दाढ काढताना यापेक्षा जास्त दुखलं हुतं.” सगळ्यांना तसंच वाटतं असं नाही. काहींना दोन-तीन तुकड्यांना चांगलंच टोचतं. तसं झालं तर दात-ओठ खाऊन सोसायचं नाही, सांगायचं. भूल वाढवता येते. दोन दिवस लघवी गुलाबी झाली, शौचाला थोडं रक्त गेलं. ते सांगून ठेवलेलं होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. पाणी भरपूर प्यायचं, आठवडाभर सायकल आणि किटल्या नकोत, हेही पाळलं.

अकराव्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. आवाज कापत होता. काही सांगेनात, नुसतं “वाईट झालंय” म्हणत राहिले. खूप विचारल्यावर कळलं की वीर्यात रक्त आलं होतं. दोन दिवस त्यांनी ते काकूंपासून लपवलं, जेवण सोडलं, कॅन्सर फुटला असं ठरवून बसले.

बायोप्सीनंतर वीर्य लालसर किंवा तपकिरी दिसणं अगदी नेहमीचं आहे. चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस तसं राहतं. त्याने बायकोला काही बाधत नाही, कॅन्सरशी त्याचा संबंध नाही, आपोआप थांबतं. हे वाक्य माझ्या कागदावर होतं. त्या दिवशी समोर मुलगा बसलेला, काकू बसलेल्या, म्हणून मी ते गिळलं. लघवीचं सांगितलं, शौचाचं सांगितलं आणि हे वगळलं. माझ्या संकोचामुळे एका माणसाने दोन रात्री मरणाच्या भीतीत काढल्या, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते आणि ते वाक्य उच्चारते. ६७ वर्षांच्या माणसालाही संसार असतो, हे आपण विसरतो.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. चौदा तुकड्यांपैकी दोनांत कॅन्सर होता, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा अंक) सहा. मुलाचा चेहरा पडला. “दहापैकी सहा म्हणजे साठ टक्के ना, ताई?” हा गैरसमज मी इतक्यांदा पाहिलाय की आता पाकीट उघडायच्या आधीच सांगते. ही मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टात सहसा सगळ्यात खालचा अंकच सहा असतो, म्हणजे सगळ्यात सौम्य, संथ वाढणारा प्रकार. तात्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको, लक्ष ठेवू असं सांगितलं. दर सहा महिन्यांनी पीएसए आणि वर्षाच्या आसपास पुन्हा बायोप्सी.

“परत तीच?” काकूंनी विचारलं.

“तीच,” तात्या म्हणाले. “खट् खट्वाली. तू नगो घाबरू.”