लुडविग आणि लुई ही एकच नावं आहेत का? ‘लुडविग’चा अर्थ काय?

हो, एकच. बेथोव्हनचा लुडविग आणि फ्रान्सच्या गादीवरचे सगळे लुई एकाच नावाचे धनी. (खुद्द जर्मन माणूस ‘लूटविष’च्या जवळपास काहीतरी म्हणतो. जर्मन शिकायला लागलो तेव्हा माझी पहिली फजिती याच नावावर झाली.)

जुन्या जर्मनमध्ये हे नाव ‘ह्लुडविग’ होतं. ‘विग’ म्हणजे लढाई आणि ‘ह्लुड’ म्हणजे ज्याचा बोलबाला आहे असा. इंग्रजीतला ‘लाउड’ही त्याच मुळातला. मला खरी मजा वाटते ती पुढची: संस्कृतातला ‘श्रुत’ हा या ‘ह्लुड’चा सख्खा नातेवाईक. दोन्हींचं मूळ ‘ऐकणे’ या एकाच जुन्या धातूत. ज्याच्याविषयी लोकांनी ऐकलंय तो विश्रुत, म्हणजे नावाजलेला. महाभारतात जनमेजयाच्या भावाचं नाव श्रुतसेन आहे. दोन भारदस्त शब्द जोडून पोराचं नाव ठेवायची रीत तीच.

सुरुवातीचा ‘ह’ फ्रँक लोक (आजच्या फ्रान्सवर राज्य केलेली जुनी जर्मन जमात) घशातून खरवडून काढत, म्हणून लॅटिनमध्ये तो ‘ख’सारखा लिहिला गेला. त्यातूनच त्यांच्या राजाचं ‘क्लोव्हिस’ हे रूप आलं. हा राजा 511 मध्ये वारला. पुढे 751 मध्ये शार्लमेनच्या (नंतरचा फ्रँक सम्राट) बापाने क्लोव्हिसच्या वंशाला गादीवरून हाकललं आणि 778 मध्ये शार्लमेनला जुळे झाले तेव्हा त्यांची नावं ठेवली लुई आणि लोथार. दोन्ही नावं त्या हाकललेल्या घराण्यातली! गादी घेतलीच होती, आता नावंही घेतली. लोथार लहानपणीच गेला, लुई सम्राट झाला.

या लुईच्या दोन मुलांनी 842 मध्ये स्ट्रासबुर्गला एकमेकांना साथ द्यायच्या शपथा घेतल्या. त्यांचा मजकूर आजही आहे. त्यातल्या एकाचं नाव लुडविगच; जर्मन शपथेत ते ‘लुधुविग’सारखं दिसतं, तर फ्रेंचच्या पूर्वज बोलीत ‘लोधुविग्स’. म्हणजे तोवर फरक जेमतेम. नंतर फ्रेंचांच्या तोंडी मधला ‘ध’ आणि शेवटचा ‘ग’ झिजला आणि लुई उरला.

तेराव्या शतकातला नववा लुई 1297 मध्ये संत ठरला आणि नाव युरोपभर पसरलं. त्याचा सण 25 ऑगस्टला. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग त्याच तारखेला, 1786 मध्ये, स्ट्रासबुर्गलाच जन्मला. सोळावा लुई त्याचा धर्मपिता, त्याचंच नाव बाळाला दिलं. जर्मनांनी दिलेलं नाव असं फ्रान्स फिरून माहेरी आलं.

गोव्यातला लुईसही याच गोतावळ्यातला, फक्त पोर्तुगालमार्गे आलेला. आणि बेथोव्हन? बाप्तिस्म्याच्या नोंदीत तो ‘लुडोव्हिकुस’ आहे, छापील संगीताच्या काही मुखपृष्ठांवर चक्क ‘लुई व्हान बेथोव्हन’.