सिरियम ऑक्साइडच्या आधी तंतू नीट जमू दे
सुपरकपॅसिटरचे (झटपट वीज साठवणाऱ्या उपकरणाचे) इलेक्ट्रोड बनवायचे तर आधी नुसत्या कार्बन नॅनोफायबरवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म तंतूंवर, हात बसू दे, सिरियम ऑक्साइड नंतर. पॉलिॲक्रिलोनायट्राइल हे पॉलिमर डीएमएफ या द्रावकात विरघळवून इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च विद्युतदाबानं द्रावणाचे तंतू ओढणं) जमलं, तरी खरी परीक्षा भट्टीत असते. हवेत २५० ते २८० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मिनिटाला १-२ अंशांनीच वाढव. इथे घाई केलीस तर तंतू एकमेकांना चिकटतात, आणि पुढे नायट्रोजनमध्ये ८०० अंशांना कितीही जपलंस तरी सुटत नाहीत.

नंतर सिरियम ऑक्साइडसाठी सिरियम नायट्रेट सुरुवातीच्या द्रावणातच मिसळ, पण बेतानं. सिरियम ३+ आणि ४+ या विद्युतभाराच्या अवस्थांमध्ये ये-जा करतो म्हणून जास्तीचा विद्युतभार साठतो. ऑक्साइडमधून वीज मात्र फार कमी वाहते. ते काम कार्बनचं. जास्त घातलंस तर तंतूंचा पापुद्रा ठिसूळ होतो. माझे कितीतरी नमुने चिमट्यातच तुटलेत.

वजनाला सगळ्यात जास्त जप. इलेक्ट्रोडवर १ मिलिग्रॅम माल असेल तर ०.१ मिलिग्रॅमची चूक म्हणजे थेट १० टक्के. माल बसवायला निकेल फोम (निकेलचा सच्छिद्र पत्रा) वापरत असशील तर रिकामा फोम केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात आधी मोजून ठेव, तो स्वतःही धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) दाखवतो. आणि तीन इलेक्ट्रोडच्या मोजणीतला (जिथे एकाच इलेक्ट्रोडची चाचणी होते) आकडा पूर्ण उपकरणाचा म्हणून सांगू नकोस: दोन सारखे इलेक्ट्रोड जोडले की एकूण वजनामागची धारिता एक चतुर्थांशावर येते.