विष शोधायचं तर आधी झाड ओळखावं लागतं

प्रश्न : माझी मुलगी लातूरला बी.फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.१. त्याआधी दोनदा नीट दिली, थोडक्यात हुकली. आता आम्ही ठरवलंय की तिने चीनमध्ये थेट पीएच.डी. करावी. चिनी वनौषधींतले यकृताला घातक घटक शोधण्याचं काम तिथे जोरात चालतं, असं वाचलं. नमुना मशीनवर लावला की घटक कळतात, म्हणजे तीन वर्षांत पेपर होतील आणि पुढे अमेरिकेचा मार्ग मोकळा होईल. मुलगी हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. सुट्टीत बांधावर पानांचे, मुळांचे फोटो काढत बसते, वहीत चित्रं काढते. तिला दोन शब्द सांगावेत.
– एक पालक

उत्तर : दोन शब्द सांगायचेच तर ते आधी तुम्हाला सांगावे लागतील.

तुमच्या पत्रात देश ठरलाय, विषय ठरलाय, पेपर ठरलेत, त्यानंतरचा देशसुद्धा ठरलाय. मुलगी येते ती शेवटी, आणि तीही तक्रार म्हणून. तिला हे करायचंय का, याबद्दल एक अक्षर नाही. नीटचे दोन प्रयत्न तिच्या इच्छेचे होते की तुमच्या, तेही कळत नाही. ७.१ हा आकडा मला मुळीच खटकत नाही; एवढ्या गुणांवर चांगली कामं करणारे पुष्कळ असतात. खटकतं ते हे, की दोनदा अपयश पचवून जी पोर आत्ता कुठे एका अभ्यासक्रमात स्थिरावतेय, तिच्यासाठी तुम्ही तिसरी परीक्षा मांडून ठेवली आहे आणि ती नापास झाली तर घरी काय बोललं जाईल हे तिला आत्ताच ठाऊक असणार.

गंमत म्हणजे तुम्ही निवडलेल्या विषयाची पात्रता सांगणारी ओळ तुमच्या पत्रात एकच आहे : पानांच्या आणि मुळांच्या फोटोंची. तुम्ही ती तक्रारीच्या रकान्यात टाकलीत.

का, ते सांगते. चीनमध्ये ‘सानछी’ नावाचं मूळ मार आणि रक्तस्राव यांवर पूर्वापार वापरतात. ते जिनसेंगच्या कुळातलं, युनान प्रांतात पिकणारं, महाग. तिथेच ‘तूसानछी’ नावाची दुसरी वनस्पती लोक परसात लावतात. ‘तू’ म्हणजे गावठी. आपल्याकडे गावठी म्हटलं की अस्सल वाटतं, तशीच ही फसगत. ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली आहे, आणि तिच्यात सेनेसिओनिन, सेनेसिफायलिन यांसारखी पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स, म्हणजे यकृताला घातक नैसर्गिक द्रव्यं असतात. पडझड झाली, मुका मार लागला की लोक हे मूळ उकळून किंवा दारूत भिजवून घेतात. मग पोट फुगतं, यकृत सुजतं, जलोदर होतो, कावीळ दिसते. यकृतातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर सुटून त्या तुंबतात. असे रुग्ण इतके आले, की २०१७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी या आजाराच्या निदानासाठी ‘नानजिंग निकष’ म्हणून वेगळे निकषच ठरवले. या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी बहुतेक वेळा रसायनशास्त्र नसतं, चुकीचं मूळ असतं.

आणि ते ओळखायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. चिमूटभर चूर्ण स्लाइडवर पाण्यात घ्यायचं, आयोडीनचा एक थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि चाळीसच्या भिंगाखाली बघायचं. खऱ्या सानछीत पिष्टकण भरपूर, ते निळे-काळे होतात. शिवाय पिवळसर स्राव भरलेल्या राळनलिकांचे तुकडे सापडतात. सूर्यफुलाच्या कुळातली झाडं अन्न साठवतात ते पिष्टाऐवजी इन्युलिन या दुसऱ्या प्रकारच्या कर्बोदकाच्या रूपात, त्यामुळे तूसानछीत निळं काही दिसत नाही. इन्युलिन पाण्यात विरघळतं, म्हणून ते बघायचं तर नमुना अल्कोहोलमध्ये घ्यावा लागतो. पाण्यात घेऊन ‘काहीच नाही’ असं लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी सापडतात. मात्र चूर्णात कुणी मैदा मिसळला असेल तरी निळं येणारच. म्हणजे निळं आलं नाही तर संशय पक्का, निळं आलं म्हणून माल खरा असं नाही. मुळाचे तुकडे हाताळलेला, चित्रं काढलेला माणूस इथे चुकत नाही. चित्त थाऱ्यावर नसलेल्याला हे जमत नसतं, बरं का.

आता ‘मशीनवर लावलं की घटक कळतात’ याबद्दल. हा समज पालकांचाच नाही, एम.फार्म.च्या मुलांचाही असतो. एलसी-एमएस हे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र देतं आलेखावरची शिखरं : या मिनिटाला अमुक वस्तुमानाचं काहीतरी बाहेर पडलं. एका काढ्यात अशी शेकडो शिखरं असतात. कोणतं विषारी, हे कोणत्याच शिखरावर लिहिलेलं नसतं. त्यातही बरीच मूळ द्रव्यं स्वतः फारसं काही करत नाहीत, यकृतच त्यांचं विष बनवतं. वरची अल्कलॉइड्स तशीच. यकृतातलं सीवायपी-३ए४ हे विकर (एन्झाइम) त्यांना अतिक्रियाशील रूप देतं, ते रूप पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं आणि प्रथिनांना चिकटतं. म्हणून ही चिकटलेली प्रथिनं रुग्णाच्या रक्तात शोधता येतात, मूळ द्रव्य तोवर निघूनही गेलेलं असतं. प्रयोगशाळेत या घातक रूपाला पकडायचं तर यकृताचे मायक्रोसोम (ही विकरं असलेले पेशींचे सूक्ष्म अंश) साधारण १ मिग्रॅ प्रति मिली, विकराला चालवणारं एनएडीपीएच १ मिलिमोलर, ग्लुटाथायोन ५ मिलिमोलर, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, गार अॅसिटोनायट्रिलने क्रिया थांबवायची आणि १२९ डाल्टन वस्तुमान गळणारी शिखरं शोधायची; ती ग्लुटाथायोन चिकटल्याची खूण. सोबत एनएडीपीएच न घातलेली नळी हवीच. दोन्ही नळ्यांत सारखंच शिखर दिसलं तर ते विकराचं काम नव्हे.

हे न करता पुष्कळ जण हेप-जी-टू या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-कर्करोगाच्या पेशींवर अर्क ओततात. त्या पेशींत ही विकरं नगण्य असतात. तूसानछीचं अल्कलॉइड त्यांच्यावर टाकलं तर पेशी बऱ्यापैकी मजेत राहतात आणि निष्कर्ष निघतो ‘सुरक्षित’. उलटंही होतं. जिवंत पेशी मोजण्याची एमटीटी चाचणी रंगावर चालते; अर्कात पॉलिफेनॉल्स भरपूर असतील तर ती पेशींशिवायच रंग आणतात आणि मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात. लोक घेतात पाण्यातला काढा, प्रयोगशाळा करते ७० टक्के इथेनॉलमधला अर्क, त्यामुळे बऱ्याचदा तपासलेली वस्तू कुणी प्यायलेलीच नसते. आणि संगणकावर शंभर घटक व शंभर प्रथिनं जोडून, एकही नळी न हलवता ‘विषारी घटक सापडले’ म्हणणारे लेख? ते संख्येने फार आहेत. तुमचे ‘तीन वर्षांत पेपर’ बहुधा तसेच होतील, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतील.

काही औषधींत तर एकटा गुन्हेगार नसतोच. केस काळे राहावेत म्हणून घेतलं जाणारं ‘हशौवू’ घ्या. ते खाणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांचं यकृत मात्र बिघडतं. एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप असणाऱ्यांत हा धोका जास्त, असं २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं. उंदराला देऊन हे कधी कळलं नसतं. त्यातला घातक घटक कोणता, इमोडिन की स्टिल्बिन ग्लायकोसाइड, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने लगेच विचारलं, की ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल? पुन्हा तोच प्रश्न, झाड कोणतं.

मार्गांचं थोडक्यात : बी.फार्म.नंतर थेट पीएच.डी. डोक्यातून काढा, आधी मास्टर्स. जीपॅट आणि नायपर जेईई या प्रवेश परीक्षा द्याव्यात, एम.फार्म. फार्माकॉग्नोसी (नैसर्गिक औषधींची ओळख व अभ्यास) किंवा नायपरमधला नैसर्गिक उत्पादनांचा अभ्यासक्रम बघावा. विषशास्त्राकडे वळायचं तर लखनौची आयआयटीआर ही विषशास्त्राची संशोधन संस्था आहे. चीन नंतरही कुठे पळत नाही, पण औषधींवरचं तिथलं मूळ लेखन चिनीत आहे. भाषा शिकायची तयारी नसेल तर तिथे जाऊन ती दुसऱ्यांनी ओळखून दिलेल्या बाटल्याच तपासत बसेल. आणि प्राण्यांवरचे प्रयोग तिला झेपतील का, हे तिलाच विचारा. झेपत नसतील तर ते अपात्रता नव्हे, तिने वनस्पती-ओळखीच्या बाजूला राहावं. माझा कल स्पष्टच त्या बाजूला आहे. विष शोधणाऱ्यांपेक्षा खात्रीने ओळखणारे कमी आहेत, आणि वाद झाला की पहिल्यांदा त्यांनाच बोलावतात.

या उन्हाळ्यात तिला एवढंच करू द्या. बांधावरची गुळवेल, आणि लातुरातल्या तीन वेगवेगळ्या काष्ठौषधीच्या दुकानांतून प्रत्येकी ५० ग्रॅम ‘गुळवेल’ आणायची. चारही खोडांचे आडवे छेद घ्यायचे, आयोडीन लावायचं, चित्रं काढायची. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात की खोडावर ठळक गाठी आहेत, हे नोंदवायचं, कारण गाठी असल्या तर ती बहुधा दुसरीच जात. बांधावरच्या वेलीची पानं उलटी करून मागे लव आहे का बघायचं. लव असेल तर तीही नेहमीची गुळवेल नव्हे. फांदी दाबून सुकवून २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या शीटवर चिकटवायची. जागा, तारीख, कुणी तोडली हे लिहायचं आणि पुण्यात आघारकर संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवून पडताळायचं. तिथे कुणी चूक काढलीच तर घरी ती परीक्षेचा निकाल लागल्यासारखी वाचू नका.

पुढचं पत्र तिने लिहावं. मधल्या काळात कंटाळा आला असेल, तर तेसुद्धा लिहावं.