डिसेंबरचं प्रेम जुलैत वाळत घालून बघा

मेलबर्नच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्या लिहितात: ‘लेक सात वर्षांची असताना आम्ही पार्ल्याहून इकडे आलो. समोरच्या ब्लॉकमधला मुलगा तिचा तेव्हापासूनचा दोस्त. अकरा वेळा डिसेंबरात आलो, दर वेळी तीन आठवडे, आणि दर वेळी ही दोघं गच्चीवर. आता लेक अठ्ठावीसची आहे आणि दोघांना लग्न करायचंय. एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतात. मग मलाच झोप का लागत नाही?’

ताई, तुम्हाला झोप लागत नाही ती बरोबरच लागत नाही. हिशेब करा. अकरा त्रिक तेहेतीस आठवडे, म्हणजे एकवीस वर्षांत साडेसात महिने. त्यातून पुण्यातली लग्नं, कुलदैवत आणि दादरची खरेदी वजा करा. उरलं ते सगळं डिसेंबरचं, आणि मुंबई वर्षातून जेमतेम सहा आठवडे माणसात असते, ती तेव्हाच. पहाटे गारवा, बाजारात मटार, आणि तुम्ही आलात म्हणून घरात कोणी आवाज चढवत नाही.

‘रोज फोन असतो’ असंही तुम्ही लिहिलंय. कधी असतो ते बघा. तुमचं घड्याळ ऑक्टोबर ते एप्रिल मुंबईच्या साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार. मुलगा रात्री साडेआठला घरी पोचतो तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे दोन वाजलेले असतात. म्हणजे फोन सकाळी, तो आंघोळ करून ताजातवाना असताना. गाडीतून चेंगरून घरी आलेला, वैतागलेला मुलगा तुमच्या लेकीने आजवर पाहिलेलाच नाही.

म्हणून माझं नेहमीचं टुमणं, जुने वाचक हसतील: तिला जुलैत पाठवा. तीस दिवस, एकटी. आमच्या घरात दोन लग्नं अशी जुलै काढूनच ठरली आणि एक जुलैतच मोडलं. तिन्ही निर्णय योग्य निघाले.

आता ते कसं करायचं. राहायला त्याचं घर नको, मावशीचंही नको. दोन्हीकडे ती पाहुणीच राहील. पार्ल्याची बिल्डिंग पुनर्विकासाला गेल्यामुळे मुलाचं कुटुंब सध्या दहिसरला भाड्याने आहे, तेव्हा बोरिवली-कांदिवलीकडे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर पेइंग गेस्ट बघा. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्या पाहुण्यासाठी घरमालकाला २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरावा लागतो. त्याचं नाव काढताच काही मालक ऐनवेळी मागे सरतात, म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा.

नोकरी तिने इथूनच चालू ठेवावी, कंपनीची परवानगी घेऊन. जुलैत तुमचे नऊ ते पाच म्हणजे इथले पहाटे साडेचार ते दुपारी साडेबारा. ती रात्री आठला पेंगायला लागेल आणि तो साडेआठला उगवेल. फार छान! दोन दमलेली माणसं एका खोलीत काय बोलतात ते कळायलाच तर आलोय. मुलाने महिन्यात दोनच दिवस रजा घ्यायची. नातेवाइकांकडे जेवणं दोनच. पहिला आठवडा मोजायचा नाही, त्यात मोदक आणि कौतुक असतं. खरा महिना आठव्या दिवशी सुरू होतो.

तुमच्या मेलबर्नला वर्षभरात पडत नाही तेवढा पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो, ८०० मिलिमीटरच्या वर. चादर तीन दिवस वाळत नाही. दोरी पंख्याखाली बांधलेली, तिच्यावर ओली जीन्स, आणि तो जेवताना तिच्याच खालून वाकून पाणी आणायला उठतो. हे चित्र पाहून तिला हसू येतं की गुदमरायला होतं, हे तिने स्वतःला विचारावं. तुम्हाला सांगायची गरज नाही.

या महिन्यात हमखास फसते ती गोष्ट म्हणजे भाषा. लहानपणच्या दोस्तांचं आपसातलं मराठी बहुधा नऊ वर्षांच्या वयाला थांबलेलं असतं. चिडवायला ते पुरतं, पैशावर बोलायला अपुरं पडतं. मग दोघं इंग्रजीत शिरतात आणि एकदम बॅंकेत बसल्यासारखी बोलू लागतात. यावर उपाय कागदाचा. तिसऱ्या आठवड्यातल्या एका रविवारी दोघांनी एकच वही घ्यावी आणि पगार, हप्ते, आईवडिलांना दरमहा लागणारी रक्कम, त्यांचा मेडिक्लेम असे सगळे आकडे मांडावेत. बिल्डरच्या करारात नव्या घरावर कोणाकोणाची नावं लागणार, हेही त्याच पानावर. कोण कुठे राहायला जाणार हा प्रश्न सगळ्यात शेवटी. तो आधी काढला की बाकीचे आकडे सोयीचे लिहिले जातात.

उरलेले प्रश्न. ‘लहानपणी तिने त्याला राखी बांधली होती, लोक काय म्हणतील?’ सहा वर्षांच्या पोरीने बिल्डिंगमधल्या सगळ्याच मुलांना बांधली असेल. पुढे चला. पत्रिका जुळत नाही म्हणता, तर ती बंद करून ठेवा.

मुलाला ऑस्ट्रेलियाला यायचं ठरलं तर व्हिसाचं मात्र नीट ऐका. लग्नाआधीच्या व्हिसाला, म्हणजे सबक्लास ३०० ला, दोघं १८ वर्षांची झाल्यावर प्रत्यक्ष भेटलेली असावी लागतात. गच्चीवरचे बालपणीचे फोटो गोड आहेत, पण ती अट त्यांनी भागत नाही. लग्नानंतर ऑस्ट्रेलियाबाहेरून करायच्या जोडीदाराच्या व्हिसाच्या, म्हणजे सबक्लास ३०९ च्या, अर्जात पैसा, घर, समाजातली ओळख आणि एकमेकांशी बांधिलकी या चार बाजूंनी पुरावे बघतात. जुलैतली भाड्याची पावती, दोघांच्या नावाची तिकिटं जपून ठेवा.

रजिस्टर लग्नाचंही एक. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकी एक जण त्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. मुंबईत जिल्हे दोन आहेत. हॉल दादरला म्हणून लोक दादरच्या मावशीचा पत्ता देतात. दादर मुंबई शहर जिल्ह्यात, दहिसर उपनगरात. मुलगा राहतो तिथलाच पत्ता द्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते, म्हणून जुलैच्या उत्साहात लगेच नोटीस देऊ नका. सही करायला तीन साक्षीदार लागतात. लेकीचा अविवाहित असल्याचा दाखला ऑस्ट्रेलिया सरकारकडून आधीच काढून ठेवा.

आणि तिला चामड्याचे बूट आणू देऊ नका, आठवडाभरात बुरशी धरेल. फ्लोटर्स इथे स्टेशनबाहेर मिळतात. एक नंबर मोठे घ्या, पाय फुगतात.