वाचकांचे प्रश्न : सुरुवातीच्या काँग्रेसनं मिळवलं तरी काय?

प्रश्न : १८८५ ते १९०५ या काळात काँग्रेसनं दर डिसेंबरात ठराव केले, अर्ज पाठवले. प्रत्यक्ष पदरात काय पडलं? परीक्षेच्या उत्तरात नेमकं काय लिहावं?

उत्तर : आधी मीठ लिहा. १८८८ साली सरकारनं मिठावरचा कर मणामागे दोनचा अडीच रुपये केला. त्याविरुद्ध ठराव होत राहिले, पण ठरावाला उत्तर देण्याचं बंधन सरकारवर नव्हतं. कायदेमंडळं वाढवा, ही मागणी पहिल्याच अधिवेशनातली. १८९२च्या कौन्सिल कायद्यानं ती अर्धीमुर्धी मान्य झाली. केंद्रात जादा (कार्यकारी मंडळाबाहेरचे) सभासद किमान १०, कमाल १६; मुंबई प्रांतात किमान ८, कमाल २०. नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठं नावं सुचवत आणि नेमणूक सरकार करी. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. प्रश्न चालत, उपप्रश्न नाही.

या अपुऱ्या अधिकाराचा गोखल्यांनी केलेला उपयोग बारकाईनं वाचण्यासारखा आहे. केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या मार्च १९०२च्या भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. इंग्लिश नाण्याच्या तुलनेत रुपया घसरला म्हणून कर वाढवले. पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला, तरी वाढीव कर तसेच राहिले. दुष्काळाच्या वर्षांतही तिजोरीत शिल्लक दिसते ती यामुळे, रयतेची भरभराट झाली म्हणून नव्हे. मिठाचा खपही कर वाढल्यामुळे खुंटला, हे त्यांनी दाखवलं. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ला दीड, १९०७ला एक. १९०३ सालीच प्राप्तिकरमाफीची मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. हे एका भाषणाचं फळ मानू नका, पण ‘अर्जविनंत्यांनी काहीच साधलं नाही’ हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

उत्तरांत दोन चुका हमखास होतात. सनदी परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सनं १८९३ साली केला. तो यश म्हणून लिहितात. पण तो अमलातच आला नाही. इथली पहिली परीक्षा १९२२ साली, अलाहाबादला झाली. दुसरी चूक दादाभाई नौरोजींबाबत. १८९२ साली ते पार्लमेंटात गेले ते काँग्रेसचे नव्हे, लिबरल पक्षाचे उमेदवार म्हणून. त्यांच्यामुळे हिंदुस्थानचा प्रश्न तिथे मांडला गेला, एवढंच लिहा.

प्रश्न : पहिलं अधिवेशन पुण्याला ठरलं होतं, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. पुण्यात कॉलरा पसरला म्हणून ते मुंबईला हलवलं. २८ डिसेंबर १८८५ रोजी ग्वालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. अध्यक्ष होते व्योमेशचंद्र बॅनर्जी. पुण्याला मान मिळाला १८९५ साली, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली.