ऑफ म्हणजे बंद, मग ‘किक ऑफ’ म्हणजे सुरू कसं?

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : “आमच्याकडे प्रत्येक नव्या प्रोजेक्टचा ‘किक ऑफ’ असतो. दिवा ऑफ केला की बंद होतो, मग हा ऑफ सुरू कसा करतो? आणि हा शब्द स्कूटरच्या किकवरूनच आलाय ना?”

नाही, स्कूटरवरून अजिबात नाही. हा शब्द फुटबॉलचा : मैदानाच्या मध्यावरच्या चेंडूला लाथ मारून खेळ सुरू करणं म्हणजे ‘किक ऑफ’. चेतकला किक मारत वाढलेल्या पुण्याला तसं वाटणं मी समजू शकतो, पण इंग्रजीचे क्लास घेणारेही हेच ठोकून देतात, तेव्हा संताप येतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ साली केलेल्या नियमांतच गोल खाल्लेल्या संघाने ‘किक ऑफ’ करावा असं लिहिलेलं आहे. डाइमलरची पेट्रोलवरची दुचाकी आली १८८५ मध्ये! गाडीचा तो ‘किक स्टार्ट’. शब्दच वेगळा.

आता ऑफ. त्याचा मूळ अर्थ ‘बंद’ नव्हेच, ‘-पासून दूर’ असा आहे. दिव्याचा विजेशी संबंध तुटला म्हणून दिवा ऑफ; चेंडू मैदानाच्या मध्यावरून सुटला म्हणून तोही ऑफ. प्रवासाला निघणं म्हणजे ‘सेट ऑफ’, तेही त्यामुळेच. आणि हा ऑफ कोण? अपहरण, अपसरण, अपनयन यांतल्या आपल्या ‘अप’चा सख्खा भाऊ! लॅटिनमधला ‘अब’, ग्रीकमधला ‘अपो’, जर्मनमधला ‘आब’ हे सगळे त्याच घरातले. गंमत म्हणजे वर जाण्याचा इंग्रजी ‘अप’ उच्चाराने आपल्या ‘अप’सारखा, पण त्याचं नातं आपल्या ‘उप’शी.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की इंग्रजी सुरुवात करते ती जागा सोडून, आणि आपण करतो ती कामाजवळ जाऊन. ‘उपक्रम’ म्हणजे जवळ टाकलेलं पाऊल. ‘आरंभ’मधला धातू रभ्, म्हणजे धरणं, आजही आपण काम ‘हाती घेतो’. यावर एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनी ‘प्रस्थान’ पुढे केलं, त्यातही जागा सोडणंच आहे म्हणाले. अहो, प्रस्थान आळंदीहून पालखीचं होतं! कामाचं प्रस्थान झालं असं कुठल्या मराठी माणसाने कधी म्हटलंय? एवढ्याने माझा मुद्दा पडत नाही.

राहिला वापर. चार माणसं जमवून, वेळ ठरवून जे सुरू होतं त्याला किक ऑफ : सामना, प्रचार, तुमचा प्रोजेक्ट. पावसाळा ‘किक ऑफ’ होत नाही, तो ‘सेट इन’ होतो. गोळीचा गुण येऊ लागला तर ‘किक इन’. आणि ‘चला, किक ऑफ सुरू करूया’ असं तुमचे साहेब म्हणत असतील, तर ते एकच काम दोनदा सुरू करताहेत असं त्यांना माझ्यातर्फे जरूर सांगा.